जगाच्या नकाशावर आपला रंग कुठून येतो? : आकडेवारीचे नकाशे आणि मराठवाडा

मांजराकाठ (लातूर)

उन्हाळा लागला की पाणीटंचाईचा जगाचा नकाशा व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरायला लागतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. असा नकाशा समोर आला की पोरं पहिला प्रश्न विचारतात: सर, यात आपण कुठंय? प्रश्न एकदम बरोबर आहे. बहुतेक जागतिक नकाशांपुरतं त्याचं उत्तर ‘कुठंच नाही’ असं आहे. त्यावर सविस्तर बोलायला हा धागा काढतोय.

आधी एक तुलना. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. त्या वर्षी नेदरलँड्सची सुमारे १ कोटी ६७ लाख. क्षेत्रफळातही आपणच मोठे. ते साधारण ४१ हजार चौरस किलोमीटर, आपण ६४ हजारांच्या वर. आता दरडोई उत्पन्नाचा, आयुर्मानाचा, शालेय शिक्षणाचा कुठलाही जागतिक नकाशा उघडा. नेदरलँड्सला स्वतःचा रंग आहे. आपल्या अंगावर जो रंग आहे तो मुंबई, केरळ, बिहार, लडाख सगळ्यांच्या बेरजेला भागून आलेला आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक १९९० पासून निघतो, त्याचे नकाशेही मुख्यतः देश हे एकक धरूनच रंगवले जातात. त्यात लबाडी नाही, देशादेशांची तुलना हाच त्यांचा हेतू. पण बीड-हिंगोलीची परिस्थिती त्यातून वाचायला गेलात तर फसगत होणार.

दुसरी गोष्ट आकाराची. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असतो. १५६९ मध्ये त्याने तो दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची दिशा नकाशावर सरळ रेषेत यावी ही त्यांची गरज होती आणि ती भागली. त्यासाठी ध्रुवांकडचे प्रदेश मात्र अफाट फुगले. ग्रीनलंड त्यात आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१.६६ लाख, तरी नकाशात ग्रीनलंडसमोर भारत किरकोळ वाटतो. जहाज हाकायला हे चालतं. गरिबी, जंगल किंवा पाऊस रंगवायला चालत नाही, कारण डोळा रंगाबरोबर क्षेत्रही मोजत असतो. म्हणून अशा कामाला समक्षेत्र प्रक्षेपण घ्यावं, म्हणजे प्रदेशांची क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारी नकाशाची पद्धत. २०१८ मध्ये आलेलं ‘इक्वल अर्थ’ त्यासाठी चांगलं आहे आणि दिसायलाही नीट आहे.

क्षेत्राऐवजी माणसं मोजायची असतील तर कार्टोग्राम. गॅस्टनर आणि न्यूमन या दोघांनी २००४ मध्ये एक गणिती रीत मांडली. देशाचा आकार त्याच्या आकड्याच्या प्रमाणात फुगवायचा किंवा आकसायचा, पण शेजारी शेजारीच ठेवायचे. त्या रीतीवर २००६ मध्ये शेफील्ड विद्यापीठातून ‘वर्ल्डमॅपर’ सुरू झालं. लोकसंख्येच्या कार्टोग्रामात भारत आणि चीन जग व्यापतात, कॅनडा-रशियाची दोरी होते. वर्गात हा नकाशा दाखवला की पोरं पुढं सरकून बघतात.

आता पाण्याच्या त्या नकाशाबद्दल. असे बरेच नकाशे वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या ‘अ‍ॅक्विडक्ट’ या पाण्याचा ताण दाखवणाऱ्या नकाशावरून घेतलेले असतात. उपलब्ध होणाऱ्या पाण्यातलं किती टक्के पाणी उपसायला मागणी आहे, हा त्याचा आकडा. ८० टक्क्यांच्या वर गेलं की सगळ्यात गडद रंग. मूळ नकाशाचं एकक राज्य किंवा देश नसून उपखोरं (नदीखोऱ्याचा लहान भाग) असतं, ही त्याची जमेची बाजू. पुढे पाठवणारे देशवार सरासरीचं चित्र पाठवतात आणि नेमकी तीच बाजू निघून जाते. पाणी ओढ्या-नद्यांच्या हिशेबानं वाहतं. आपल्याकडे आष्टी-परंड्याचं पाणी सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला जातं, बाकी बहुतेक मराठवाडा गोदावरीत उतरतो. जिल्ह्याची हद्द त्याला माहीत नसते.

तुम्ही असे नकाशे कुठे वापरता, कुठे अडता, ते लिहा.

पूर्णेकाठची (परभणी)

सर, मी संख्याशास्त्रात एम. एस्सी. करते. एककाचं पटलं. मला सूचीबद्दल, म्हणजे कुठला रंग किती आकड्याचा ते सांगणाऱ्या खुलाशाबद्दल सांगायचंय, कारण नकाशा खाली कोपऱ्यातल्या त्या चार-पाच चौकोनांत ठरतो आणि तिकडे कुणी बघत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९-२१ ची. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालं, हा त्यातला एक आकडा. भारत २३.३ टक्के. महाराष्ट्र सुमारे २२. बीड जवळपास ४४. माझा परभणी जिल्हा ४८. म्हणजे जवळजवळ निम्म्या मुली. जगाच्या नकाशात परभणीची पोरगी २३ च्या रंगात बसते, देशाच्या राज्यवार नकाशात २२ च्या. तिची स्वतःची अवस्था फक्त जिल्हावार नकाशात दिसते.

तिथंही खात्री नाही. सगळ्यात वरचा गट ‘२५ टक्क्यांच्या वर’ असा केला तर २६ चा जिल्हा आणि ४८ चा जिल्हा एकाच रंगात जातात. समान अंतराचे गट केले की परभणी, बीड वेगळे उठून दिसतात. प्रत्येक गटात सारख्याच संख्येनं जिल्हे घातले तर कुठलेतरी पाच-सात जिल्हे गडद होणारच, मग त्यांच्यात आणि खालच्यांत खरा फरक अर्ध्या टक्क्याचा का असेना. आकडे तेच, नकाशे तीन, आणि बघणाऱ्याचं मत तिन्ही वेळा वेगळं.

म्हणून मी मैत्रिणींना सांगते, आधी सूची वाचा, मग रंग बघा. टक्के आहेत की नुसती संख्या, हेही बघा. नुसत्या संख्येचा नकाशा बहुतेक वेळा लोकसंख्येचाच नकाशा निघतो. पुणे-ठाणे प्रत्येक गोष्टीत गडद, हिंगोली प्रत्येक गोष्टीत फिकी. हिंगोली फिकी दिसली म्हणून तिथं प्रश्न नाही असं समजून निधी वळायला नको.

शिवारफेरी (अंबाजोगाई)

पोरी, छान लिहिलंस. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो, म्हणून पावसाच्या नकाशाचं सांगतो.

हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केलेत आणि त्यात ‘मराठवाडा’ नावाचा स्वतंत्र उपविभाग आहे. त्यामुळे त्यांच्या नकाशात आपल्याला स्वतःचा रंग मिळतो. सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांत पाऊस झाला की ‘सामान्य’. उणे २० ते उणे ५९ ‘कमी’, त्याखाली ‘अत्यल्प’.

आता समजा, कन्नडकडे सरासरीपेक्षा ६० टक्के जास्त झाला आणि धारूरकडे ६० टक्के कमी. दोन्ही भाग सारखेच मोठे आणि दोन्हीकडची सरासरी सारखी धरली, तर बेरीज शून्य. नकाशात ‘सामान्य’, आणि धारूरचा माणूस टँकरची वाट बघतोय. दुसरं, हा नकाशा बेरजेचा आहे. जूनमध्ये पेरणी झाली, पुढे पाच आठवडे उघडीप पडली, सोयाबीन करपलं, आणि मग दोन रात्रींत महिनाभराचा कोसळला तर बेरीज जुळते. पीक गेलेलं असतं. पावसाच्या बेरजेशेजारी खंडाचा नकाशा लावला पाहिजे, सलग किती दिवस कोरडे गेले त्याचा. आमच्याकडे पेरणीचा निर्णय त्याच्यावर असतो.

याच्या खालचं एकक महसूल मंडळ. २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पुढची पंचनाम्याची गाडी त्यावर चालते. ‘महावेध’मुळे मंडळामंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली, हे मोठं काम झालं. पण मंडळात दहा-पंधरा गावं, कधी त्याहून जास्त, आणि मोजणारं यंत्र एका जागी. आपल्याकडचा पाऊस कसा पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे, बैलाचं एक शिंग भिजतं आणि एक कोरडं राहतं. यंत्राच्या गावात ४० मिलिमीटर आणि ओढ्यापलीकडे ढगफुटी, तर नकाशावर सगळं मंडळ ४० चं. पावसाचा नकाशा बघणाऱ्यानं यंत्र नेमकं कुठल्या गावात, कुणाच्या छपरावर की उघड्यावर, हे विचारलंच पाहिजे.

किल्लारीचा (औसा)

सगळ्यांचं वाचतोय. आमच्या बाजूनं एक नकाशा सांगतो, तोही आकडेवारीचाच होता.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं भुईसपाट झाली. हजारो माणसं गेली. मी तेव्हा लहान होतो, घरातलं काय काय गेलं ते इथं लिहीत नाही. त्या वेळी देशाचा जो भूकंपप्रवणतेचा अधिकृत नकाशा होता, त्यात पाच पट्टे होते. आमचा भाग पहिल्या पट्ट्यात होता. म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या.

तो नकाशा मुख्यतः आधी कुठं भूकंप झाले आणि जमिनीत कुठं भेगा ठाऊक आहेत, त्या नोंदींवर उभा होता. दख्खनच्या पठारावर नोंदी थोड्या. १९६७ ला कोयनेला झाला, त्यानंतर १९७० च्या सुधारणेत कोयनेचा पट्टा बदलला. आमच्याकडं झाला, त्यानंतर २००२ मध्ये पहिला पट्टाच रद्द केला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात गेला. दोन्ही वेळा आधी माणसं गेली, मग रंग बदलला.

आमची घरं दगड-मातीची, जाड भिंतींची, वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात थंड राहायची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तशीच बांधत आलो. ‘इथं धोका आहे’ असं नकाशा म्हणाला असता तर सगळी घरं बदलली असती असं मी म्हणणार नाही. पण निदान शाळा, दवाखाने तरी त्या हिशेबानं बांधता आले असते.

म्हणून मला जगाचा कुठलाही धोक्याचा नकाशा बघितला, पुराचा असो, उष्णतेचा असो, रोगाचा असो, की पहिला प्रश्न पडतो: हा फिका रंग ‘धोका नाही’ म्हणून आहे की ‘नोंद नाही’ म्हणून? दोन्हींना एकच रंग देणाऱ्या नकाशावर माझा विश्वास नाही. नोंद नसेल तिथं रेघोट्या मारून ठेवा, राखाडी करा, पण फिकं करू नका.

मांजराकाठ (लातूर)

दादा, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. ‘नोंद नाही’ आणि ‘कमी’ यांतला फरक पुस्तकात एका ओळीत येतो. तो इतका महत्त्वाचा का, हे तुमच्याइतकं नीट कुणी सांगणार नाही.

किल्लारीचा (औसा)

वाचा सर. हरकत कशाची.

आष्टीचा (सध्या पुणे)

मी उपग्रह प्रतिमांवर काम करतो. देश आणि जिल्ह्याच्या सरासरीतून सुटायचा एक मार्ग तिथून जातो, कारण उपग्रहाला हद्दी दिसत नाहीत.

युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०१६ मध्ये जगातल्या भूपृष्ठावरच्या पाण्याचा नकाशा काढला. १९८४ पासूनच्या लँडसॅट या उपग्रहांच्या तीस लाख प्रतिमा वापरून प्रत्येक ठिपक्यावर कधी पाणी होतं, कधी नव्हतं, हे त्यात आहे. कुणालाही फुकट बघता येतो. पैठणचा नाथसागर उघडून बघा. मधला भाग बारमाही, कडेला वर्षानुवर्षं पुढे-मागे सरकणारी किनार. मांजरा धरणाचं बघितलं तर २०१६ ची पाणी आणणारी रेल्वे समजते. मिरजेहून लातूरला पाणी का आणावं लागलं हे त्या कोरड्या पात्रात वाचता येतं.

पण मर्यादा ऐका. लँडसॅटचा एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा. आपल्याकडचं मोठं शेततळंही साधारण ३० बाय ३० मीटरच असतं. म्हणजे आख्खं तळं मिळून एकच ठिपका, आणि तो बांधावर अर्धा इकडे अर्धा तिकडे पडला तर पाणी दिसतच नाही. शेततळ्यांच्या सगळ्या कामाचा या जागतिक नकाशात पत्ता नसतो. सेंटिनेल-२ या दुसऱ्या उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा आहे, त्यात त्याच तळ्याचे नऊ ठिपके पडतात आणि ते स्पष्ट कळतं. भूजलाचं उलट टोक. २००२ मध्ये सोडलेले ग्रेस उपग्रह गुरुत्वाकर्षणातला बदल मोजून जमिनीखालचं पाणी किती घटलं ते काढायचे. पंजाब-हरियाणा-राजस्थान पट्ट्यात २००२ ते २००८ मध्ये १०९ घन किलोमीटर भूजल गेलं, हे त्यातूनच कळलं. पण ते शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचं सांगतात. आपल्याकडे काळा पाषाण. पाणी मुरमात आणि खडकाच्या फटींत. या बांधाला विहीर भरलेली, त्या बांधाला बोअर कोरडं. त्यासाठी ग्रेसचा काही उपयोग नाही. तिथं भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरीच लागतात.

आणि माणसांच्या नकाशाचं एक राहिलं. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. त्या सगळ्या काळात जो घराबाहेर आहे त्याची नोंद तो जिथं सापडेल तिथं करतात. फेब्रुवारीत आमच्या आष्टी-पाटोद्याचे ऊसतोड मजूर कुठं असतात? कारखान्याच्या अड्ड्यावर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत). म्हणजे त्यांची नोंद उसाच्या पट्ट्यात, आणि वर्षातले उरलेले महिने रेशन, शाळा, दवाखाना लागतो तो गावात. जगभर लोकसंख्येचे जे बारीक चौकटींचे नकाशे वापरतात त्यांचा पाया अशाच गणना असतात. आमच्या तालुक्यांपुरता त्या नकाशाखाली महिना लिहायला हवा.

काळी माती (धाराशिव)

राग नका मानू, पण सगळं वाचून एकच इचारतो. नकाशे काढून विहिरीला पाणी लागतंय का? २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडं शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली. माती खरवडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. उपग्रहाला सगळं दिसतंय म्हणायलेत, मग पंचनाम्याला माणूस यायची वाट का बघावी लागती?

आष्टीचा (सध्या पुणे)

दादा, रागाचं काय त्यात. पुराच्या वेळी आकाश ढगाळ असतं, तेव्हा साधा कॅमेरा आंधळा. त्या वेळी रडारचा उपग्रह लागतो, तो ढगांतून बघतो. सपाट पाणी रडारची लहर परत पाठवत नाही, म्हणून ते काळं दिसतं आणि पुराची हद्द काढता येते. पण उसाच्या किंवा तुरीच्या दाट पिकाखाली पाणी साचलं असेल तर पीकच लहर परत पाठवतं आणि नकाशात रान कोरडं येतं. माती खरवडून गेलेली तर पाणी ओसरल्यावरच कळते, त्यासाठी दुसरी प्रतिमा, दुसरी रीत. माझं मत असं की नकाशानं कुठल्या गावात आधी जायचं ते ठरवावं. माणूस येणं थांबू नये.

मांजराकाठ (लातूर)

दादांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून दोन उदाहरणं देतो.

एक मोठं. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याच्या विकासाचा अनुशेष काढला. रीत साधी होती. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली आहे त्याची तूट पैशात मांडायची. एकूण ३,१८६ कोटी रुपये निघाले. आकडा जिल्हावार पडल्यामुळे ‘मराठवाडा मागे आहे’ या नुसत्या तक्रारीला कागदावर जागा मिळाली, आणि विकास मंडळांपासून केळकर समितीपर्यंत सगळी चर्चा त्याच आकड्यांच्या अवतीभवती झाली. अनुशेष भरला का, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण राज्याची एकच सरासरी सांगत बसलो असतो तर तो मोजताही आला नसता.

एक छोटं. आमच्या पोरांनी गावाचा गट नंबरांचा नकाशा मोठा करून घेतला आणि त्यावर प्रत्येक विहीर मांडली. होळीला पाणी होतं तिला निळा ठिपका, आटली होती तिला पिवळा, आणि जिथं कुणी भेटलं नाही तिथं नुसतं पोकळ वर्तुळ. (किल्लारीच्या दादांनी सांगितलं तेच.) सगळे जण धरून चालले होते की निळे ठिपके नदीकडच्या काळ्या रानात पडतील. पडले ते वरच्या माळाखाली, ओढ्याच्या एका बाजूला रांगेत, आणि रांग सुरू होते जुन्या सिमेंट बंधाऱ्यापाशी. तो बंधारा गाळानं भरत आलाय. ग्रामसभेत कागद टेबलावर पसरला तेव्हा ज्यांची रानं त्या ओढ्याला नाहीत, तेसुद्धा गाळ काढायला हो म्हणाले. काळी माती दादा, नकाशानं पाणी लागलं नाही, पण जेसीबी कुठं लावायचा यावरचं भांडण मिटलं.

काळी माती (धाराशिव)

हे पटलं. आमच्यात बी असाच वाद हाय, खोलीकरण वरच्या अंगाला का खालच्या. गटाचा नकाशा कुठं मिळतो? तलाठ्याकडंच जावं लागतं का?

पूर्णेकाठची (परभणी)

काका, ‘महाभूनकाशा’च्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की बहुतेक गावांचे गटनकाशे दिसतात. बिनाइंटरनेटचं हवं असेल तर मोठ्या कागदावर छापून घ्या आणि सरांच्या पोरांसारखे हातानं ठिपके द्या, तेवढं पुरतं. संगणकावर करायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मी तुमच्या गावासाठी बसवून देते, विहिरींची यादी गट नंबरासकट पाठवा.

शिवारफेरी (अंबाजोगाई)

यादीत विहिरीची खोली आणि पाण्याचं माप कधी घेतलं तो महिना जरूर लिहा. जानेवारीची विहीर आणि मेची विहीर एका नकाशात घालू नका. खाली खडक कुठला लागला, मुरूम की काळा पाषाण, तेही जुन्या माणसांना विचारून घ्या, विहीर खोदणाऱ्यांना ते पाठ असतं.

आष्टीचा (सध्या पुणे)

आणि जमलं तर वाड्या-तांड्यांची नावं ओपनस्ट्रीटमॅपवर टाका, हा कुणालाही भर घालता येणारा जगाचा खुला नकाशा आहे. २०१० च्या हैती भूकंपात जगभरच्या लोकांनी घरी बसून तिथले रस्ते काढले आणि मदतीच्या गाड्यांना ते कामाला आले. आमच्या भागातले कितीतरी तांडे अजून तिथं नुसते कोरे आहेत. रस्ता, शाळा, पाण्याची टाकी, एवढं आधी टाका. परवानगी किंवा खातं यात अडलात तर इथंच विचारा, मी रात्री नऊनंतर असतो.